गराशाचा गोल

राळेगावहून निघालेली एसटी आमच्या फाट्यावर थांबते तेव्हा कंडक्टर उतरणाऱ्याला विचारतो, कोणतं कॉलेज. फाट्याच्या डाव्या हाताला बोरसावळीचं कॉलेज आहे, उजव्या हाताला बंजाऱ्यांच्या तांड्याचं, आणि मधे एक डांबरी रस्ता, तोही अर्धाच डांबरी. वारा पश्चिमेकडून असला की डाव्या कॉलेजातला इतिहास उजव्या कॉलेजात ऐकू येतो. एका साली तांड्याच्या कॉलेजात इतिहासाचा मास्तर नव्हता आणि निकाल मात्र त्यांचाच जास्त लागला. बोरसावळीनं पुढच्या उन्हाळ्यात त्या बाजूच्या खिडक्या विटांनी बुजवल्या. त्या विटा आजही आहेत, कोणीही जाऊन पाहावं.

आधी कॉलेज एकच होतं. ते मारोतरावांनी काढलं. मारोतराव म्हणजे बोरसावळीचे मोठे कास्तकार, कपाशी, सोयाबीन आणि तूर, आणि गावात कशाचंही उद्घाटन असलं की नारळ त्यांच्याच हातात. कॉलेजच्या उद्घाटनाला तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, धावजी यांना बोलावणं होतं. धावजी तेव्हा एसटीत कंडक्टर होते, रजा टाकून आले. त्यांना खुर्ची मिळाली ती दुसऱ्या रांगेत. धावजींनी चहा घेतला, टाळ्या वाजवल्या, घरी गेले. पुढच्या जूनमधे रस्त्याच्या पलीकडे तांड्याचं कॉलेज उभं राहिलं, आणि तिथं नियम झाला की कार्यक्रमाला खुर्च्यांची रांग एकच लावायची. तो नियम अजून पाळतात. मोठा कार्यक्रम असला की शेवटची खुर्ची परहाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात जाते, आणि तिथं बसणाऱ्याला भाषण संपल्याचं निरोप्या पाठवून कळवावं लागतं.

दोन कॉलेजं झाली म्हटल्यावर मॅच आलीच. पहिली मॅच कबड्डीची ठेवली, आणि त्या साली दोन्ही कॉलेजांतली निम्मी पोरं परीक्षेला उजवा हात प्लास्टरमधे घेऊन बसली. पेपर डाव्या हातानं लिहिले. तपासणाऱ्याला वाटलं, हा भागच डावखुरा आहे. मग मोठ्या माणसांची बैठक बसली. पुंडलिकराव तेव्हा राजूरच्या कोळसा खाणीतून निवृत्त होऊन नुकतेच गावी परतले होते. खाणीत ते कामगारांच्या संघातून खेळायचे आणि तिथून एक शिट्टी घेऊन आले होते. ते म्हणाले, हात लावायला बंदी आहे असा एक खेळ मला माहीत आहे. पुढचं कोणी ऐकलंच नाही, बैठक तिथंच संपली. अशा रीतीनं आमच्याकडे फुटबॉल आला, आणि पुंडलिकराव कायमचे पंच झाले.

मैदानाचा प्रश्न होता. दोन्ही कॉलेजांना मिळून जागा एकच, ती म्हणजे आखर, जिथं सकाळी गावची आणि तांड्याची ढोरं चरायला जाण्याआधी गोळा होतात. तिथं गोटे, काटे, शेण, सगळं. वर्षातून एकदाच आखर साफ होतं, पोळ्याला, बैलांसाठी. म्हणून मॅच पोळ्याच्या दिवशी ठेवली, दुपारी, बैल तोरणाखालून जायच्या आधी. आणि तोरणासाठी दोन मोठे बांबू रोवलेलेच असतात, वर आंब्याच्या पानांची माळ असते, तर तोच एका बाजूचा गोल धरला. दुसऱ्या बाजूचा गोल हँडपंप आणि बाभळीच्या मधे. बाहेरगावचा कोणी असता तर म्हणाला असता की ज्या दारातून बैल जाणार त्याच दारात चेंडू मारायचा, यात कधीतरी घोटाळा होईल. पण बाहेरगावचा कोणी नव्हता. आम्हाला ती सोय वाटली.

मॅचच्या गोष्टी पुष्कळ आहेत. एका साली तांड्याच्या भारतनं चेंडू असा वर मारला की सगळे माना वर करून उभे राहिले, मग माना दुखायला लागल्या तसे खाली बसले, मग घरी गेले. चेंडू दिवाळीनंतर कापूस वेचताना बायांना सापडला. पुंडलिकरावांनी तिथं जाऊन पाहिलं आणि आउट दिला. दुसऱ्या एका साली चिखल इतका होता की बोरसावळीचा किसन नावाचा बचावपटू कमरेपर्यंत रुतला. काढायला वेळ नव्हता. तो तिथंच राहिला आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी कोणी जाऊ शकलं नाही. इतका चांगला तो आधी कधी खेळला नव्हता, नंतरही नाही.

पण खरी गोष्ट घंटेची आहे.

तांड्याची माणसं पूर्वी लदेणी करायची. म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलुखभर फिरायचं. त्या बैलांच्या पुढे एक बैल असायचा, गराशा. तो देवाचा. त्याच्या पाठीवर ओझं नाही, त्याला काठी नाही, त्याच्या गळ्यात पितळेची घंटा. तो चालला की तांडा चालायचा, तो बसला की तांडा थांबायचा, तिथंच चूल मांडायची. लदेणी केव्हाच गेली, तांडा एका जागी बसला, शेती करू लागला, तरी गराशा ठेवायची रीत राहिली. आणि घंटाही तीच राहिली.

पहिल्या फुटबॉलच्या मॅचला मारोतरावांनी पैजेवर एक नवंकोरं लोखंडी कपाट लावलं. धावजींना वाटलं, कपाटासमोर तोलामोलाचं काहीतरी पाहिजे. त्यांनी घंटा लावली. तांडा हरला. घंटा बोरसावळीच्या कॉलेजच्या व्हरांड्यात टांगली गेली आणि रामधन शिपाई तिच्यावर लोखंडी कांब मारून तास संपल्याचं सांगू लागला. त्याच्याआधी त्या कॉलेजात एसटी आली की तास संपायचा, आणि एसटी न आल्यामुळे एकदा भूगोलाचा तास दुसऱ्या दिवसापर्यंत चालला होता. म्हणजे त्यांनाही घंटेची गरज होतीच. नियम असा ठरला की दरसाल घंटेसाठीच खेळायचं, आणि बरोबरी झाली तर घंटा आहे तिथंच राहील.

धावजींची आई बिजलीबाई. तांड्यात सगळ्यांची दादी. तिचं वय आधार कार्डावर एक आहे आणि तांड्याच्या हिशोबानं दुसरं, आणि दोन्हींच्या मधे एक माणूस जन्मून म्हातारा होऊ शकतो. ती लहानपणी बैलांमागं मिठाबरोबर चाललेली आहे असं ती सांगते. हिशोब जुळत नाही, पण तिला तसं सांगायला अजून कोणी धजलेलं नाही. घंटा गेल्यावर ती धावजींवर रागावली नाही. तिनं फक्त सांगून टाकलं की आता गराशाच्या गळ्यात ती घंटा वाजलेली ऐकली की मी मोकळी, त्याच्याआधी मला जायचं नाही.

सगळ्या तांड्यानं याचा अर्थ असा घेतला की म्हातारीसाठी घंटा आणलीच पाहिजे. धावजींनी वेगळा घेतला. कंडक्टर माणूस, शब्दाला शब्द धरणारा. घंटा आली नाही तर आई जाणार नाही. इतकं सरळ होतं ते.

तेव्हापासून धावजी तांड्याच्या संघाचे कोच आहेत. त्यांच्यासारखा कोच मी पाहिला नाही. सगळ्यात जोरात पळणारा पोरगा ते गोलमधे उभा करत. सगळ्यात जाड पोरगा पुढे. आणि मॅचच्या आधी संघाला आपल्या घरी पोळ्याचं जेवण, पुरणपोळी, वर तुपाची धार, आणि कोणी नको म्हटलं तर आणखी एक. त्यानंतर पोरं मैदानात पळत नसत, फिरायला निघाल्यासारखी चालत. दरसाल तांडा हरायचा, आणि दरसाल धावजी मान खाली घालून घरी जायचे, आईला सांगायचे, याडी, यंदाही नाही जमलं. म्हातारी म्हणायची, जाऊ दे, पुढच्या साली. आणि चहा मागायची. हे सगळं त्यांनी मला एकदा एसटीत सांगितलं, खिडकीबाहेर पाहत, कोणाला सांगू नका म्हणून. मी कोणाला सांगितलं नाही. आता तुम्हालाच सांगतोय.

मग ममता आली. ममता धावजींची नात, यवतमाळला होस्टेलात राहून शिकली आणि पुढचं शिकायला गावातल्या कॉलेजात परतली. तोवर दोन्हीकडची पोरं कामाला नागपूर-पुण्याकडे निघून गेलेली. अकरा जण भरेनात, म्हणून नियम झाला की ज्याचं नाव हजेरीत आहे तो खेळेल, पोरगा असो का पोरगी. ममता यवतमाळात फुटबॉल खेळलेली होती. खरोखरचा, हिरव्या गवतावरचा. आणि ती दादीजवळ झोपायची. घंटा आणते म्हणून तिनं दादीला शब्द दिला होता.

यंदाच्या पोळ्याला धावजींनी रीतसर ताटं मांडली. ममता आजोबांना दादा म्हणते, तांड्यात तसंच म्हणतात. ती म्हणाली, दादा, पोळ्या फडक्यात बांधा, मॅच झाल्यावर खाऊ. आणि तिनं संघ उपाशी उठवला. मग गोलमधला पळणारा पोरगा पुढे आणला, पुढचा जाड पोरगा गोलमधे नेला. गोल जवळजवळ बुजलाच. धावजी ताटांकडे पाहत बसले.

दुपारी आखरावर जमलं गाव, जमला तांडा. बैल सजून कडेला उभे, झुली, बाशिंगं, रंगवलेली शिंगं, शिंगांच्या टोकांना पितळेच्या शेंब्या. दोन्हीकडचे लोक एकमेकांना झडत्या म्हणून टोमणे मारत होते, पोळ्याला ते चालतं. बिजलीबाईंची खाट चौघांनी उचलून आणली आणि लिंबाखाली ठेवली. धावजी गराशाचा कासरा धरून उभे होते. गराशाच्या गळ्यात काही नव्हतं.

खेळ असा झाला की बोरसावळीकडचे लोक झडत्या विसरले. तांड्याची पोरं पळत होती. हे दृश्य नवीन होतं. तरी गोल होत नव्हता, कारण बोरसावळीच्या गोलमधे, म्हणजे तोरणाखाली, मारोतरावांचा नातू अक्षय उभा होता, आणि अक्षयचे हात लांब आहेत, उभ्यानं गुडघा खाजवतो. शेवटी शेवटी ममता तिघांना चुकवून तोरणापुढे आली आणि अक्षयनं तिचा पायच धरला. पुंडलिकरावांनी शिट्टी फुंकली आणि बोट खाली जमिनीकडे केलं. पेनल्टी. गोल आणि ममता, मधे एकटा अक्षय.

त्याच वेळी गराशा चालत मैदानात आला. रमत गमत आला, तोरणाच्या बरोबर मधे गेला, आणि बसला.

आता हे नीट समजून घ्या. गराशा जिथं बसतो तिथं तांडा थांबतो. त्याला उठवायचं नाही, हाकलायचं नाही. तांड्याची सगळी पोरं जिथं होती तिथं खाली बसली, कोणाला सांगावं लागलं नाही. राहिले बोरसावळीवाले. पण पोळ्याचा दिवस. आदल्या संध्याकाळी त्यांनी प्रत्येक बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं हात जोडून सांगितलेलं. जेवायला बोलावलेल्या पाहुण्याला ऊठ म्हणायचं कसं? तेही उभे राहिले. बैल रवंथ करत होता. मारोतराव घड्याळाकडे पाहून म्हणाले की सूर्य बुडाला की बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे घंटा आहे तिथं. आणि त्यांनी पान लावायला घेतलं.

ममता एकटीच बसली नाही. ती आजोबांकडे गेली. धावजींचे दोन्ही हात रिकामे होते.

"दादा," ती हळूच म्हणाली, "कासरा सुटला का तुमी सोडला?"

"सुटला."

"चालत्या गाडीत तुमच्या हातून कधी तिकीट सुटलं नाही."

धावजींनी आपल्या रिकाम्या तळहातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "घंटा आली का दादी जाते. तिनंच सांगतलं हाय. मी इतके वर्स कायले हरून राह्यलो, तुले काय वाटते?"

ममता म्हणाली, "तिले इचारलं का कधी?"

"असं आपल्या मायले कोनी इचारते का?"

ती परत चेंडूकडे गेली. जाताना लिंबाखाली तिनं पाहिलं. म्हातारी खाटेवर उठून बसली होती आणि मान पुढे काढून तोरणाकडे पाहत होती. तिला इतक्या लांबचं दिसतं की नाही कोणाला माहीत नाही.

गराशाला उठवायला बंदी होती, चेंडू मारायला नव्हती. ममतानं बैलाच्या वशिंडावरून, तोरणाच्या पानांखालून, मधे जी काय वीतभर फट होती त्यात चेंडू मारला. नेम बरोबर होता. पण गराशानं त्याच क्षणाला माशी उडवायला मान हलवली. चेंडू शिंगाच्या शेंबीवर बसला, फुस्स झाला, आणि तिथंच राहिला.

गराशा उठला. स्वतःहून उठला, हे सगळ्यांनी पाहिलं. त्याच्या शिंगावर चेंडू, आणि तोरणाच्या पलीकडे मारुतीच्या पारावर पूजेची ताटं, आणि ताटांत पुरणपोळ्या. तो तोरणाखालून चालू लागला. अक्षयनं काय करावं? पोळ्याला तोरणातून बैल येतो तेव्हा लहानपणापासून जे करत आला तेच त्यानं केलं. बाजूला झाला आणि हात जोडले. म्हणजे गोल झाला तेव्हा गोलकीपर नमस्कार करत होता.

मग वाद झाला. मारोतराव म्हणाले की बैलाचं नाव हजेरीत नाही. हे बरोबर होतं. पण त्यांच्या बाजूनं सगळ्यात मोठ्यानं बोलले ते धावजी. ते म्हणाले की पाटील म्हणतात ते खरं हाय, हा गोल धरता येत नाही, मी कोच हाय, मीच सांगतो. तांडा आणि बोरसावळी एका गोष्टीवर एक झालेली आजवर कोणी पाहिली नव्हती, लोकांना जरा भीतीच वाटली. काही बाया पोरांना घेऊन घरी निघाल्या.

पुंडलिकराव चेंडूजवळ गेले, म्हणजे बैलाजवळ गेले. तोवर गराशानं एक ताट संपवलं होतं. त्यांनी विचार केला आणि सांगितलं की चेंडू कोणी मारला, तर ममतानं. रेषेपलीकडे गेला का, तर गेला. मधे कशाला लागून गेला याचा विचार केला तर हवेचाही करावा लागेल, आणि हवेचं नाव कोणत्याच हजेरीत नाही. गोल. आणि शिट्टी वाजवून मॅच संपवली, कारण दुसरा चेंडू नव्हता.

रामधन व्हरांड्यातून घंटा काढून घेऊन आला. उद्यापासून तास कसा संपवायचा असं त्यानं मारोतरावांना दोनदा विचारलं. ममतानं घंटा दोरीत ओवून गराशाच्या गळ्यात बांधली. तांड्यातल्या प्रत्येकाला म्हातारीचा शब्द माहीत होता, आणि आता तो त्यांना धावजींसारखा ऐकू येऊ लागला होता. कोणी घंटेकडे पाहत नव्हतं, सगळे खाटेकडे पाहत होते. धावजी खाटेला टेकून उभे राहिले, पाय चेपून देणाऱ्या माणसासारखे, हात कुठं ठेवावेत ते न कळून.

गराशानं मान हलवली. घंटा वाजली. दुसऱ्यांदा वाजली. मग तो चालू लागला तशी ती चालीवर वाजत राहिली.

बिजलीबाई खाटेवरून उतरल्या. काठी खाटेवरच राहिली. त्या बैलामागं चालू लागल्या, एक हात खांद्याशी, जसं काही गाठोडं धरलंय, आणि ओठ हलत होते, आवाज नव्हता. पावलं बरोबर घंटेवर पडत होती. मी त्यांना इतकं सरळ चालताना आधी पाहिलेलं नाही. मागं धावजी, दोन्ही हात पुढे करून, पडणारं मडकं झेलायला निघाल्यासारखे. त्यांच्या मागं ममता, आणि मग हळूहळू सगळा तांडा. कोणी ठरवलं नव्हतं, पण बैल चालला होता.

गराशा डांबरी रस्त्यापर्यंत गेला आणि थांबला. सगळे थांबले. म्हातारीनं वळून लेकाकडे पाहिलं, त्याच्या पुढे धरलेल्या हातांकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिली.

"धावजी," ती म्हणाली, "हे ते घंटा नोहे."

मारोतराव मागून म्हणाले, "मावशी, तेच हाय. माह्या व्हरांड्यातून कोनी हलवली नाही."

"पितळ तेच हाय," म्हातारी म्हणाली. "आवाज नोहे. तुमच्या पोरायनं तास ठोकून ठोकून तिच्यात तासच भरले. ते निंगून जायपर्यंत हे आमची घंटा नाही."

ममतानं विचारलं, "किती दिवस लागन, दादी?"

"जितके वर्स तिथं टांगून होती, तितके तर लागनच. मंग पाहू." आणि तिनं चहा मागितला.

धावजी रस्त्यावरच खाली बसले. मांडीवर फडकं घेतलं, सकाळच्या बांधलेल्या पोळ्या सोडल्या आणि एकामागून एक खाऊ लागले. मारोतराव आले, थोडा वेळ उभे राहिले, आणि त्यांच्या शेजारी त्याच रांगेत बसले. धावजींनी त्यांना एक पोळी दिली.

बोरसावळीच्या कॉलेजात आता घंटा नाही. गराशा रोज त्या रस्त्यानं जातो, तो गेला की तास संपला असं धरतात. कधी दिवसात दोनदा जातो, कधी जातच नाही. मधे एक पेपर तीन तासांऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी संपला, आणि निकाल चांगला लागला असं म्हणतात.

संध्याकाळी गराशा परत येतो तेव्हा बिजलीबाई दारात बसलेल्या असतात. घंटा ऐकतात, मान जराशी तिरपी करून, शेवटपर्यंत. धावजी चुलीपाशी चहा घेऊन उभे असतात, कप हातातच. घंटा थांबते.

"नाही," म्हातारी म्हणते. "अजून नाही."

मग धावजी तिला चहा देतात.